गव्हाणीतला आवाज

तुमच्या घरातला टीव्ही जरा वेळ बंद आहे असं समजा. नुसता बंद नाही, तो अजून तयारच झालेला नाही. पडद्यावरचे कुत्रे बोलत नाहीत, हत्ती विनोद करत नाहीत आणि तिकडे बघता बघता तुमचा घास हातातच राहत नाही. जमलं? आता त्या रिकाम्या जागी एक मैदान आणून ठेवा. थंडीचे दिवस, उन्हं कललेली. चार बांबूंवर ताणलेली मळकी कनात. तिच्यापुढे मातीत बसलेली दीड-दोनशे माणसं आणि मधोमध उभी एक पांढरी घोडी. घोडीपुढे लाकडाची मोठी गव्हाण, गव्हाणीत कडबा. एक माणूस घोडीच्या मानेवर हात ठेवून तिला विचारतो, जेवलीस का. घोडी ओठ हलवते... आणि बोलते.

"तुन्हं जेवन व्हयनं ना? मंग मन्हं कोन इचारस."

तुम्ही हसलात, तसेच तेव्हाही लोक हसायचे. दर वेळी हसायचे, कारण खेळ सगळ्यांना पाठ होता. एक नवरा, त्याची बायको, त्याची सासू आणि घरातल्या प्रत्येकाला उलट उत्तर देणारी घोडी, एवढंच त्यात होतं. बायको आणि सासू ही दोन्ही कामं दिवाल्या नावाचा एकच गडी करायचा. पदर डोक्यावर घेतला की बायको, कंबरेला खोचला की सासू. खेळाला नाव नव्हतं. लोक नुसतं 'रतिलालची घोडी' म्हणायचे. घोडीचं नाव शेवंती.

घोडी बोलते कशी, हे मोठ्यांना माहीत होतं. गव्हाणीला खाली पोकळ पेटी होती. कडब्याच्या खाली, अंग चोरून एक माणूस बसायचा आणि फळ्यांच्या फटीतून बोलायचा. घोडीचे ओठ हलावेत म्हणून खेळापूर्वी तिच्या वरच्या ओठाच्या आत अंगठ्याने मऊ गूळ चोपडायचा. ती बिचारी खेळभर तो चाटत राहायची. मुलांना मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं आणि त्यांना ते कुणी सांगतही नसे.

हा गूळ चोपडणारा आणि घोडीशी बोलणारा माणूस म्हणजे लोटन. तिशी नुकती ओलांडलेला, तापीकाठच्या शेतकरी घरातला धाकटा. बायको गेली तेव्हा मुलगी तीन महिन्यांची होती. ती मुलगी, दगू, आता चार वर्षांची झाली होती आणि बापाबरोबर गावोगाव हिंडत होती. लोटन खेळात इतका बोलायचा की खेळ संपल्यावर त्याच्याकडे बोलायला काही उरायचंच नाही. कनातीमागे तो दिवसभर गप्प असायचा. घोडीला खरारा करायचा, पाणी आणायचा, मुलीची वेणी घालायचा. वेणी नेहमी वाकडी यायची.

ही गोष्ट सुरू होते ती खापर गावच्या बाजारात, अठ्ठावन्न सालच्या हिवाळ्यात.

त्या दिवशी गव्हाणीत खुद्द रतिलाल होता. खेळाचा मालक आणि इतकी वर्षं घोडीचा आवाजही तोच. पण महिनाभर त्याला खोकला होता. लोटनने घोडीला विचारलं, की शेवंती, या घरात पाणी भरायचं कुणी? घोडीने ओठ हलवले, उत्तर आलं नाही. त्याने पुन्हा विचारलं. गव्हाण गदगदा हलायला लागली. आत रतिलाल तोंडावर हात दाबून खोकत होता. लोक कुजबुजले. पुढच्या ओळीतली मुलं उठून उभी राहिली. लोटनच्या कपाळावर त्या थंडीत घाम आला...

आणि मागून, बायका बसल्या होत्या तिकडून, एक आवाज आला. जाडसर, दमलेला, अजिबात घाई नसलेला.

"ज्याले पेवानं व्हई, तो भरी लेई."

ज्याला प्यायचं असेल, तो भरून घेईल! लोक असे हसले की बाजारातले बैल माना वळवून बघायला लागले. लोटनने बायकांच्या घोळक्यात पाहिलं. सगळ्यांच्या तोंडाला पदर. फक्त एक जण, काही बोललोच नाही अशा थाटात, डोक्यावर पोतं घेऊन पाठमोरी निघाली होती. पोत्याला धरलेला तिचा हात तेवढा त्याला दिसला. मनगटात दोन हिरव्या बांगड्या.

संध्याकाळी त्याच बांगड्या त्याला रतिलालच्या चुलीपुढे दिसल्या. ती रंजना होती, रतिलालच्या बहिणीची मुलगी. मामा आजारी आहे म्हणून भावाच्या गाडीतून भाकरी-भाजी घेऊन आली होती. आठ वर्षं अंथरुणाला खिळलेल्या आईचं तिने केलं. आई गेली तेव्हा रंजना सव्वीस वर्षांची झाली होती आणि तिच्या लग्नाचा विषय काढायचं घरात सगळे विसरून गेले होते. तेव्हापासून ती भाऊ चुनीलालच्या संसारात राबत होती. पहाटेचं दळण, दिवसा कापसाची वेचणी, संध्याकाळी भावाची मुलं.

रतिलालने भाच्याला गळ घातली, की चार महिने हिला गव्हाणीत बसू दे, माझा खोकला बसेपर्यंत. मामाला नाही म्हणवेना, म्हणून चुनीलालने एक अट घातली. ती कुणाला दिसता कामा नये.

रंजना म्हणाली, दिसायचं कसलं, घरात तरी मी कुठे दिसते. पण ते ती मनात म्हणाली.

पेटीत बसल्यावर तिला जग एका भोकातून दिसायचं. फळीतली गाठ निखळून पडलेलं, रुपयाएवढं भोक. त्यातून लोटनचा चेहरा कधी दिसायचा नाही. दिसायचे ते त्याचे हात. घोडीच्या मानेवर थोपटणारे, बोलताना हलणारे, बोलणं अडलं की सदऱ्याची गुंडी फिरवणारे. पहिल्या आठवड्यातच तिला कळलं, की हा माणूस खोटं बोलताना गुंडी फिरवत नाही आणि खरं बोलताना फिरवतो.

त्याच आठवड्यात तिला गव्हाणीच्या आत, बसायच्या जागेजवळ, पळसाच्या पानात बांधलेला गुळाचा खडा सापडला. कडब्याच्या धुळीने घसा धरतो, त्यासाठी असावा. कुणी ठेवला, हे तिने विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. पण त्यानंतर प्रत्येक खेळाला तो खडा तिथे असायचा.

चार महिन्यांचं बोलणं होतं, त्याचे चार हिवाळे झाले. रतिलालचा खोकला बसलाच नाही. होळीनंतर रंजना घरी जायची, दिवाळीनंतर परत यायची. तळोदा, शहादा, प्रकाशा, पुन्हा खापर. धुळीचे तेच रस्ते, तीच कनात, तेच विनोद. अंग आंबून जायचं. पण खेळात जरा कुठे जागा मिळाली की घोडी पाठ नसलेलं काहीतरी बोलायची.

एकदा लोटन खेळात नेहमीसारखा कुरकुरला, की घरात बायको ऐकत नाही, गोठ्यात घोडी ऐकत नाही, आता मी जाऊ तरी कुठे. घोडी म्हणाली, "कोठे जाऊ नको. खरारा अर्धाच व्हयना." लोक हसले. लोटनचा हात गुंडीकडे गेला. खरारा खरोखरच अर्धा झाला होता. सकाळी तो करता करता थांबून चुलीकडे बघत बसला होता, म्हणजे हे गव्हाणीला माहीत होतं.

एकदा त्याच्या अंगात ताप होता. घोडी म्हणाली, "आज तुन्हा हात कापतस. काढा पी, मंग बोल." लोक पुन्हा हसले. संध्याकाळी त्याच्या अंथरुणाशी झाकलेला काढा होता, अजून गरम. त्याने तो प्यायला आणि भांडं घासून परत नेऊन ठेवलं. ती समोरच बसली होती. तो म्हणाला, भांडं. ती म्हणाली, हं. एवढंच बोलणं झालं.

खेळात घोडी त्याला अरे-तुरे करायची. कनातीमागे ती त्याला काहीच म्हणत नसे. टोळीतल्या सगळ्या पुरुषांना ती भाऊ म्हणायची, अगदी दिवाल्यालाही. लोटनला मात्र तिने कधी भाऊ म्हटलं नाही. फारच गरज पडली तर 'दगूना बाप' म्हणायची, तेही दगूकडे बघत.

दगू मात्र शेवंतीशी खूप बोलायची. खेळ नसताना, कनातीमागे. दुपारी सगळे आडवे झाले की रंजना अंग टेकायला गव्हाणीच्या पेटीत शिरायची. तिथे सावली होती आणि कुणी कामाला हाक मारत नसे. दगूला हे ठाऊक नव्हतं. ती पाच वर्षांची असेल, तेव्हा एका दुपारी तिने घोडीला विचारलं, की शेवंती, माझी माय कशी होती?

आत रंजना जागी होती. उत्तर द्यावं की नाही... पोरीने तर घोडीला विचारलं होतं.  मग हळूच आवाज आला, "तुन्हामायेक. तुन्हामायेकच व्हती." तुझ्यासारखी, अगदी तुझ्यासारखी.

कनातीच्या पलीकडे लोटन पाण्याची बादली घेऊन येत होता. त्याने ते ऐकलं. तो तिथेच उभा राहिला. दगू घोडीच्या गळ्यात पडून हसत निघून गेली, तरी तो उभाच. भरलेल्या बादलीची कडी बोटांत रुतून लाल वळ उठला, तेव्हा त्याला बादली खाली ठेवायचं सुचलं. दुसऱ्या दिवशी पळसाच्या पानातला खडा दुप्पट मोठा होता.

त्याच हिवाळ्यात महाशिवरात्रीच्या जत्रेला ते तोरणमाळला चढले. सामान डोंगरातल्या हमालांच्या पाठीवर, घोडीवर दगू. तो उभा चढ तुम्ही आज गाडीने चढाल तरी कानात दडे बसतील. तेव्हा तो पायांनी चढायचा होता. लोटनने लगाम ओढून घोडी थांबवली आणि रंजनाला खुणेने विचारलं, की दगूमागे बसता का? तिने मान हलवून नाही म्हटलं. शेवंती म्हातारी होत होती, हे तिलाही दिसत होतं. मग घोडीच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला ती, असे ते तास-दीड तास चढत राहिले. मधे घोडीची ओली, वाफाळणारी पाठ. त्याचा श्वास तिला ऐकू येत होता, तिचा त्याला. वर पोहोचल्यावर दगूने जाहीर केलं, की शेवंती आज एक शब्द बोलली नाही. दोघांनी एकदमच घोडीकडे पाहिलं.

दगू सहा वर्षांची झाली तेव्हा तिला त्या भोकातून एक हिरवी बांगडी दिसली. ती रडली नाही आणि तिने कुणाला सांगितलंही नाही. दुसऱ्या दिवशी तिने आपल्या वाटणीचा गूळ अर्धा तोडला आणि भोकातून आत सरकवला. तेव्हापासून रोज सकाळी चुलीच्या राखेत बोट फिरवून ती रंजनाकडून अक्षरं शिकायला लागली. वेणीही सरळ यायला लागली.

आणि मग चौथा हिवाळा. मार्गशीर्षातली सारंगखेड्याची यात्रा. तापीच्या काठाने मैलभर घोडेच घोडे, काळे, अबलख, पांढरे. शेकोट्यांचा धूर, लिदीचा वास, नालांचे आवाज. रतिलालला आता दहा पावलं चालवत नव्हतं. त्याने सगळ्यांना बसवून सांगितलं, की ही शेवटची यात्रा. कनात दिवाल्याच्या गावी जाईल, घोडी विकायची. चुनीलालनेही निरोप धाडला होता, की शेवटच्या दिवशी गाडी घेऊन येतो, रंजनाचं सामान बांधून ठेवा. वहिनीला दिवस गेले होते, घरात माणूस हवं होतं. होळीपर्यंत थांबायचा प्रश्नच नव्हता, आणि पुढच्या दिवाळीला परत यायला काही उरणार नव्हतं.

तुम्ही म्हणाल, मग लोटनने सरळ जाऊन विचारायचं ना. त्यालाही तसंच वाटत होतं. आदल्या दिवशी रंजना नदीवर भांडी घासत होती. तो गेला. शेजारी उभा राहिला. नदीकडे बघितलं, आकाशाकडे बघितलं.

"पानी थंडं शे का?" त्याने विचारलं.

"हाव. थंडं शे."

तो आला तसा परत गेला. तिने एकच तवा इतका घासला, की त्यात तिला तोंड दिसायला लागलं.

असं का, ते सांगतो. चार वर्षं ते घोडीच्या तोंडून बोलले होते. त्यातलं खेळातलं किती आणि मनातलं किती, हे दोघांनी कधी पडताळून पाहिलं नव्हतं. त्याला वाटायचं, ती नुसतं काम करते. तिला वाटायचं, तो घोडीशी बोलतो. आता घोडी गेली की ते तोंडच जाणार होतं.

शेवटच्या दिवशी सकाळी नवलसिंग नावाचं एक गिऱ्हाईक आलं. भला माणूस होता. नातवाला बसायला शिकवण्यासाठी त्याला शांत, वयस्क घोडी हवी होती. घोड्यांच्या बाजारात सौदा तोंडाने होत नाही, हे तुम्हाला माहीत नसेल. विकणारा आणि घेणारा हातात हात देतात आणि वर रुमाल टाकतात. रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगायचा. वर चेहरे अगदी कोरे ठेवायचे आणि हाताकडे बघायचं नाही. भोवती माणसं उभी असतात, पण कुणाला काही कळत नाही. पटलं नाही तर हात काढून घ्यायचा. पटलं तर समोरच्याचा पंजा पूर्ण मुठीत धरायचा, म्हणजे पक्कं. एकदा मूठ मिटली की माघार नाही.

रतिलालच्या वतीने लोटन उभा राहिला. रंजना चुलीपाशी बसून बघत होती. रुमाल हलत होता, लोटनचा चेहरा कोरा होता. फक्त त्याचा दुसरा हात शेवंतीच्या आयाळीत खोल गेलेला तिला दिसला. मग रुमाल हलायचा थांबला. पक्कं झालं. घोडी उद्या सकाळी जाणार.

दुपारी शेवटचा खेळ लागला. लोक पुष्कळ जमले होते. लोटनने अंगठ्याने शेवंतीच्या ओठाला गूळ चोपडला. उरलेला मोठा खडा त्याने दगूजवळ दिला, दुसऱ्या अंकाला लागेल म्हणून. दगू तिच्या नेहमीच्या जागी, लोकांनी पैसे टाकायची थाळी घेऊन बसली. रंजना पेटीत शिरली. पळसाचं पान होतं. तिने ते उघडलं, पण खडा खाल्ला नाही. मुठीत धरून ठेवला. घरी न्यायला.

भोकातून तिला पुढची ओळ दिसली. मध्यभागी चुनीलाल बसला होता. त्याच्या मांडीवर तिचं गाठोडं होतं.

खेळ नेहमीसारखा चालला. दिवाल्या बायको झाला, सासू झाला, शिव्या खाऊन गेला. मग घोडी विकायचा प्रसंग आला. इथे नवऱ्याने म्हणायचं असतं, की घरच्यांच्या कटकटीने मी तुला विकतो. लोटनने ते म्हटलंच नाही. त्याचा हात गुंडीवर गेला.

"शेवंती," तो म्हणाला, "तू सकाय जाशी. मंग मी कोनासंगे बोलू?"

हे खेळात नव्हतं. 

"घरमा मानसं शेतस ना," घोडी म्हणाली.

"शेतस. पन जबाब कोन देस?"

"तू कव्हय इचारस?"

लोक हसले. चुनीलालही हसला. गुंडीचा दोरा तुटत आला होता.

"हिंमत व्हत नही," लोटन म्हणाला.

यावर तर लोक आणखी हसले, नवराच तो, असं म्हणून. हसणं ओसरेपर्यंत घोडी थांबली. मग त्या जाडसर, दमलेल्या आवाजात, अजिबात घाई न करता म्हणाली,

"चार वरीस घोडीले इचारं. मानूसले एकडावबी नही."

लोटनने घोडीच्या मानेवरचा हात काढला. खांद्यावरचा रुमाल घेतला. खेळात इथे तो रुमाल हातावर टाकायचा, हात गव्हाणीच्या काठावर, कडब्यात ठेवायचा आणि घोडीशीच तिचा सौदा करायचा. रुमालाखाली आपलीच बोटं वळवळवायचा. मग घोडी म्हणायची, 'इतलामा ते मन्हा एक नालबी येवाव नही', म्हणजे एवढ्यात तर माझा एक नालसुद्धा यायचा नाही, आणि खापरपासून तोरणमाळपर्यंत लोक पोट धरून हसायचे.

त्याने रुमाल टाकला. हात कडब्यात ठेवला, तळवा वर करून.

"सांग," तो म्हणाला.

आज रुमाल वळवळला नाही. बोटं थांबली होती. वाट बघत होती. भोकातून रंजनाला रुमालाची कड दिसत होती.  आणि कडेच्या पलीकडे, पुढच्या ओळीत, भाऊ आणि गाठोडं.

कुणाला दिसता कामा नये, अशी अट होती ना. तिने ती पाळली. डोक्यावरची फळी अलगद सरकवली, कडब्यातून हात वर काढला आणि रुमालाखाली नेला.

लोटनचा चेहरा कोरा होता. तो शेवंतीच्या डोळ्यांकडे बघत होता. हाताकडे बघायचं नसतं. पण रुमालाखाली कुणाचा हात आला, हे त्याला कळायला काय वेळ लागणार? बोटं चिकट होती, गुळाने. मनगटाशी थंडगार काच लागली. त्या हाताने एकही बोट दाबलं नाही. भाव सांगितला नाही. तो नुसता त्याच्या तळव्यावर येऊन टेकला, लांब चालून आलेलं माणूस ओट्यावर टेकतं तसा.

त्याने हळूच मूठ मिटली. पक्की.

कडबा जरा सळसळला. तिला हात काढून घेता आला असता. तिने काढून घेतला नाही.

दोनशे माणसं घोडीच्या वाक्याची वाट बघत होती. शेवंती ओठ चाटत होती, पण आवाज येईना. रंजनाने हाताने सांगून टाकलं होतं, घोडीच्या तोंडून बोलायला आता काही उरलं नव्हतं. चुनीलाल हसायच्या तयारीने तोंड उघडं ठेवून बसला होता. अखेर मागून, बायकांतून कुणीतरी न राहवून म्हणालं, "इतलामा ते मन्हा एक नालबी येवाव नही," आणि सगळं मैदान हसलं.

कनातीमागे रतिलाल बसला होता. कनातीच्या फटीतून गव्हाणीची मागची बाजू त्याला दिसत होती. कडब्यातून कोपरापर्यंत वर गेलेला भाचीचा हातही दिसत होता. त्याला खोकल्याची उबळ आली होती. त्याने शालीचं टोक तोंडात दाबलं आणि ती उबळ गिळली. मग काठी टेकत, पावलं मोजत तो कनातीला वळसा घालून पुढे आला, चुनीलालशेजारी बसला आणि काही न बोलता त्याच्या मांडीवरचं गाठोडं उचलून आपल्या मांडीवर घेतलं. चुनीलालने मामाकडे पाहिलं. मामाने गव्हाणीकडे बोट केलं आणि मग खूप वेळ, अगदी हळू आवाजात, त्याच्या कानाशी काहीतरी सांगत राहिला.

लोक पुन्हा चुळबुळायला लागले. घोडी अजूनही गप्प होती. नवरा अजूनही काठावर हात ठेवून तसाच उभा होता.

तेव्हा दगूने थाळी खाली ठेवली.

ती उठली आणि शेवंतीपाशी गेली. तिच्याजवळचा गुळाचा मोठा खडा तिने पानातून काढला. ओठाला चोपडला नाही. रंजनाने शिकवलं होतं तसा तळवा सपाट करून, अंगठा आत दुमडून, तिने तो अख्खा घोडीपुढे धरला. शेवंतीने तो घेतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला गूळ नुसता चाटायचा नव्हता, खायचा होता. तिचे ओठ हलले तसे पुढचे लोक सावरून बसले, आता बोलेल म्हणून.

दगू त्यांच्याकडे वळली.

"ती दमी गई," ती म्हणाली. "आते नही बोलाव. तिले खाऊ द्या."

आणि मग ती गव्हाणीच्या काठावर चढली, बापाच्या रुमालावर आपल्या परकराचा घेर नीट पसरला आणि लोकांकडे पाठ करून निवांत बसून राहिली.